वकिलावांचून न्याय

पेठेंतल्या दुकानीं बसून दोन घटका गोष्टी ऐकल्या तर एक तक्रार हटकून कानीं पडते. ती ही कीं, कज्जे वाढतात ते वकिलांमुळें. ही मंडळी मध्यें नसती तर हाकिमानें उभयपक्षांस समोर बसवून, खरें काय तें विचारून, एका बैठकींत निकाल दिला असता, आणि सावकाराचा पैका व कुळाची जमीन हीं दोन्हीं वांचलीं असतीं. प्रस्तुत लेखक स्वतः कायद्याची पदवी घेतलेला व कांहीं काळ त्याच धंद्यावर पोट भरलेला असल्यामुळें या तक्रारीस उत्तर देण्याचा त्याचा अधिकार थोडा कमीच समजला पाहिजे. म्हणून आपल्या बाजूनें युक्तिवाद न करितां आम्ही एक साक्षीदार पुढें आणतों. वकिलावांचून न्याय देण्याचा प्रयोग एका प्रचंड राष्ट्रानें शेंकडों वर्षें केलेला आहे. तें राष्ट्र म्हणजे चीन. आणि त्या प्रयोगांत माणसाचें काय होत असे हें दाखविणारा एक खटला सन १८७३ पासून १८७७ पर्यंत चालला. त्याची हकीकत आमच्या वाचकांस बहुधा ठाऊक नसेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चीनमध्यें कायदा नव्हता, बादशहाच्या लहरीवर सर्व चाले, असें युरोपियन प्रवासी लिहीत आले व आमच्याकडील कित्येक शिकलेल्यांनींही तेंच घोकलें. हें साफ खोटें आहे. मिंग (१३६८–१६४४) व त्यांच्यामागून आलेल्या छिंग (१६४४–१९१२) या दोन्हीं राजघराण्यांचीं लेखी कायद्याचीं पुस्तकें होतीं. छिंग घराण्याच्या १७४० च्या संहितेंत ४३६ कलमें होतीं आणि त्यांखालीं पोटकलमांची रास वेळोवेळीं वाढत गेली. जॉर्ज टॉमस स्टॉन्टन यानें १८१० सालीं तिचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हां तिकडील लोकांसही नवल वाटलें. कोणत्या गुन्ह्यास किती फटके, किती वर्षें हद्दपारी, हें सर्व तींत ठरविलेलें होतें; आणि न्यायाधीशानें शिक्षा देतांना कोणतें कलम लावलें तें लिहिलेंच पाहिजे, असा दंडक होता. देहान्त शिक्षा तर खालच्या कोणत्याही अधिकाऱ्यास देतां येत नसे. असें प्रकरण परगण्याहून जिल्ह्यास, जिल्ह्याहून प्रांतास, प्रांताहून राजधानींतील दंडमंडळास, असें चढत जाई व शेवटीं बादशहापुढें ठेविलें जाई. शरदृतूंत होणाऱ्या फेरतपासणीच्या वेळीं यादींतील ज्या नांवांवर बादशहाची तांबड्या शाईची खूण पडे तेवढ्यांचीच मान उतरविली जात असे. कागदावर ही व्यवस्था त्या काळच्या कोणत्याही देशास खालीं पाहावयास लावील अशी होती.

परंतु या सर्व इमारतींत पक्षकाराच्या बाजूनें बोलणारा मनुष्य कोठेंच नव्हता. नव्हता म्हणजे त्यास मनाई होती. दुसऱ्याच्या कज्ज्यांत पैसे घेऊन सल्ला देणारा, फिर्याद सजवून देणारा, तो ‘कज्जेदलाल’ समजला जाई, व त्यास शिक्षा सांगणारें कलम संहितेंत होतें. फिर्याद लिहावयाची ती सरकारी नोंद असलेल्या अर्जनवीसाकडून, आणि त्याचा शिक्का असला तरच ती घ्यावयाची. महिन्याच्या ठराविक तिथींसच दिवाणी फिर्यादी स्वीकारल्या जात. चवथ्या चांद्रमासापासून सातव्या मासाच्या अखेरीपर्यंत शेतीचा हंगाम म्हणून तेंही दार बंद. स्त्रियांनीं व वृद्धांनीं घरच्या कोणा पुरुषामार्फत अर्ज करावा. यामागील विचार असा कीं, राजा हा बाप, हाकीम हा त्याच्या ठिकाणीं, आणि बापापुढें उभें राहण्यास लेंकरास वकील कशाला पाहिजे? शब्द गोड आहेत. बाप जेव्हां वेत घेऊन बसलेला असतो तेव्हांच वकिलाची आठवण होते, हें या विचारवंतांच्या लक्षांत आलें नाहीं. किंवा आलें म्हणूनच त्यांनीं बंदी केली असेल.

आतां हा बाप कोण होता तें पहा. एकंदर चीनचे सुमारें तेराशें परगणे होते व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकसंख्या चाळीस कोटींच्या वर गेली होती. म्हणजे एकेका परगण्याच्या मॅजिस्ट्रेटाखालीं दोन-दोन, तीन-तीन लाख माणसें. सारावसुली त्यानें करावी, चोर त्यानें पकडावे, मुलांच्या परीक्षा त्यानें घ्याव्या, दिवाणी-फौजदारी न्याय त्यानेंच द्यावा. स्वतःच्या प्रांतांत त्यास नेमणूक मिळावयाची नाहीं असा नियम असल्यामुळें पुष्कळदां रयतेची बोली त्यास कळत नसे. तीन वर्षांत बदली ठरलेली. मूळ पगार वर्षास पंचेचाळीस तोल चांदी, आणि हा तोल म्हणजे आपल्या तीन तोळ्यांहून थोडा अधिक. योंगझेंग बादशहानें (१७२३–१७३५) ‘सचोटी पोसण्याचा भत्ता’ म्हणून निराळी रक्कम चालू केली हें खरें. परंतु तींतूनच त्यास आपले खासगी चिटणीस पोसावे लागत. या चिटणिसांत जो कायदा जाणणारा असे त्याचा मान मोठा. झेजियांग प्रांतांतील शाओशिंग हा जिल्हा अशा कायदेपंडितांचें माहेरघर होता. वांग हुइझू (१७३१–१८०७) या नांवाच्या त्याच भागांतील गृहस्थानें तीस वर्षांहून अधिक काळ असली चिटणिशी केली, पुढें स्वतः मॅजिस्ट्रेट झाला, आणि हाकिमानें व त्याच्या चिटणिसानें कसें वागावें यावर लिहिलेलीं त्याचीं पुस्तकें दोन पिढ्या अधिकाऱ्यांच्या उशाशीं होतीं. तेव्हां वकील चीनमध्यें नव्हताच असें नाहीं. तो पडद्यामागें हाकिमाच्या कानाशीं बसलेला होता. बंदी होती ती रयतेच्या कानाशीं बसण्यास.

कारकून व पट्टेवाले यांची कथा आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्यांची सरकारी संख्या थोडी, प्रत्यक्ष संख्या कितीतरी पट. कारकुनास पगार जवळजवळ नाहींच. पट्टेवाल्यास पोटापुरताही नाहीं. फिर्याद दाखल करण्याचे पैसे, समन्स बजावण्याचे पैसे, समन्स न बजावण्याचेही पैसे. या उत्पन्नास चिनी लोकांनीं ‘हलक्या चालीरीती’ असें नांव दिलें होतें. आमच्याकडे त्यासच दस्तुरी किंवा चहापाणी म्हणतात. पट्टेवाल्याची गणना तर हीन वर्गांत होई. त्याच्या मुलानातवांस परीक्षेस बसतां येत नसे. ज्याच्या हातीं रयतेचे दंड बांधण्याची दोरी द्यावयाची त्यास समाजांत मान नाहीं व सरकारांतून भाकरी नाहीं, अशी ही रचना होती. मग त्यानें काय करावें अशी अपेक्षा होती?

परीक्षेचें नांव आलें म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढील खटला त्यावांचून कळावयाचा नाहीं. चीनमध्यें सत्तेची वाट परीक्षेंतून जात असे. खालची पदवी, मग प्रांताची, मग राजधानीची, अशा तीन पायऱ्या. प्रांताची परीक्षा तीन वर्षांनीं एकदां, आठव्या महिन्यांत. झेजियांगसारख्या विद्यासंपन्न प्रांतांत हजारों उमेदवार बसत व शंभराच्या आसपास उतरत. नानकिंगच्या परीक्षामंडपांत तर वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. प्रत्येकींत दोन फळ्या. दिवसा त्यांचें मेज व बैठक, रात्रीं त्याच जोडून बिछाना. उमेदवार काळ्या शाईनें लिही. कारकून त्याची नक्कल तांबड्या शाईनें करीत, म्हणजे परीक्षकास हस्ताक्षरावरून ओळख लागूं नये. नांवावर कागद चिकटविलेला असे. या बंदोबस्ताचें कौतुक वाटून इंग्रजांनीं पुढें आपल्या देशांत व हिंदुस्थानांत १८५५ पासून चढाओढीची परीक्षा सुरू केली, तेव्हां चिनी उदाहरण त्यांच्या वादविवादांत वारंवार येत होतें. परंतु कोठडींत बसलेला मनुष्य लिही काय? आठ अवयवांचा, ठराविक ठशाचा निबंध! सतराव्या शतकांतील गू यानवू यानें, या निबंधाचें नुकसान पुरातन काळीं झालेल्या ग्रंथदहनाहूनही अधिक आहे, असें स्पष्ट लिहून ठेविलें. तरी हा ठसा चारशें वर्षें टिकला. त्यांत न बसलेला हाँग श्यूच्वान नांवाचा एक उमेदवार वारंवार नापास होऊन भ्रमिष्ट झाला, आपणांस देवाचा पुत्र म्हणवूं लागला, आणि १८५१ ते १८६४ पर्यंतच्या त्याच्या तायपिंग बंडांत दोन कोटींहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. नापासांचा हिशेब सरकारनें ठेवला नव्हता.

पास झालेल्याची गोष्ट निराळी. पदवीधरास वेठ माफ. हाकिमाच्या कचेरींत त्यास गुडघे टेकावे लागत नसत. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्याची पदवी रद्द करविल्याशिवाय त्याच्या अंगास वेताचा स्पर्श करतां येत नसे. गांवांत कज्जा उद्भवला, सारा जास्त मागितला गेला, तर लोक अशा गृहस्थाकडे जात. वकिलास बंदी असलेल्या देशांत अर्धा वकील तो हाच.

असा एक गृहस्थ यांग नायवू. झेजियांगची राजधानी हांगझोउ, तिच्याजवळ यूहांग नांवाचा परगणा आहे, तेथील राहणारा. सन १८७३ च्या शरदांत तो प्रांताच्या परीक्षेंत उतरला. तिशी उलटलेली, लेखणी तिखट. सारावसुलींत कारकून जास्त धान्य घेतात म्हणून रयतेच्या वतीनें त्यानें अर्ज लिहिले होते व त्यामुळें मॅजिस्ट्रेट ल्यू शीथोंग याची त्याच्यावर खुन्नस होती, असें सांगतात. (साऱ्याचा बोजा त्या काळीं असा कां वाढला होता याचा एक धागा आमच्या मुंबईपर्यंत येतो. सारा चांदींत ठरलेला, रयत देणार तांब्याचीं नाणीं. शतकाच्या पूर्वार्धांत चांदी महागली, आणि ती चीनबाहेर वाहून नेणाऱ्या कारणांत अफू हें एक मोठें कारण होतें. बंगालच्या अफूच्या जोडीला माळव्याची अफू मुंबई बंदरांतूनच चढत असे. आमच्या शहरांतील कित्येक सुंदर धर्मादाय इमारतींच्या पायांत तो पैसा आहे. असो.)

यांगच्या घराचा एक भाग गे पिनलियन नांवाच्या, टोफूच्या दुकानांत काम करणाऱ्या एका गरीब मनुष्यानें भाड्यानें घेतला होता. त्याची बायको बी श्यूगू देखणी होती. गल्लीनें तिचें नांव ‘श्याओ बायत्साय’, म्हणजे कोंवळी कोबी, असें ठेविलें होतें. यांग तिला अक्षरें शिकवीत असे. ‘यांग’ या उच्चाराचा चिनींत बोकड असाही अर्थ होतो. तेव्हां बोकड कोबी खातो, ही थट्टा पसरण्यास वेळ लागला नाहीं. नवऱ्यानें १८७३ त बिऱ्हाड हलविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस तो थंडीतापानें आजारी पडून मेला. हवा उबदार असल्यानें प्रेत लवकर फुगलें, तोंडानाकावाटे पाणी आलें. आईस संशय आला व तिनें तपासणीचा अर्ज दिला. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या अर्जांत कोणाचेंही नांव नव्हतें. गल्लींतली थट्टा मॅजिस्ट्रेटच्या कानांत एका स्थानिक विद्वानानें घातली.

पुढील सर्व अनर्थ एका चांदीच्या सुईंतून निघाला. प्रेतपरीक्षेचा शास्त्रग्रंथ चीनमध्यें १२४७ सालापासून होता, हें त्या राष्ट्राचें भूषण आहे. त्या शास्त्राप्रमाणें घशांत घातलेली सुई काळी पडली तर ती शिकेकाईसारख्या एका शेंगेच्या पाण्यानें घासावी; तरीही काळेपणा राहिला तर विष समजावें. यूहांगच्या प्रेतपरीक्षकानें सुई घासलीच नाहीं. पंचनाम्यांत मात्र नियमाप्रमाणें घासल्याचें लिहिलें गेलें. सडणाऱ्या शरीरांत घातलेली चांदी काळवंडते, हें आज शाळेंतील मूलही सांगेल.

बी श्यूगूस बोटें चेपण्याचें यंत्र लावण्यांत आलें. हें यंत्र कायद्यानें मान्य केलेलें होतें. बायकांच्या बोटांस तें, पुरुषांच्या घोट्यांस दुसरें. तिनें यांगचें नांव घेतलें. यांग पदवीधर म्हणून आधीं वरिष्ठांकडे लिहून त्याची पदवी काढविण्यांत आली, आणि मग हांगझोउचा जिल्हाधिकारी चेन लू यानें त्याच्यावर तेच उपाय केले. त्यानें कबूल केलें कीं, अमुक गांवच्या औषधाच्या दुकानांतून, उंदीर मारावयाचे म्हणून, आपण सोमल घेतला. दुकानदाराचें नांव त्यानें सुचेल तें सांगितलें. दुकानदारास आणलें तर तो म्हणाला, माझें नांव हें नव्हे आणि माझ्या दुकानीं सोमल विकलाच नाहीं. त्यास न भिण्याचें आश्वासन देऊन, विकला म्हणून लिहून घेतलें, व घरीं पाठविलें. आरोपीसमोर एकदांही उभें केलें नाहीं. एक साधा उलटतपासणीचा प्रश्न, ‘तुझें नांव काय?’, एवढा विचारणारा कोणी त्या कचेरींत असता तर हा खटला त्याच दिवशीं ढांसळला असता. आमच्याकडे १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यानें पोलिसापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येणार नाहीं असें ठरविलें. परकी सरकारच्या अनेक कायद्यांविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहे, पण त्या एका कलमाबद्दल वाईट बोलण्यास जीभ वळत नाहीं. हांगझोउमध्यें त्याच्या पुढच्याच वर्षीं कबुलीजबाब हाच सर्व पुराव्यांचा राजा होता.

शिक्षा ठरली. यांगचा शिरच्छेद; आणि नवऱ्याचा खून करणाऱ्या बायकोस संहितेप्रमाणें जें ठेविलेलें होतें तें, म्हणजे तुकडे तुकडे करून मारणें. प्रांताच्या गव्हर्नरानें, यांग चांगजुन यानें, ती कायम केली. मधल्या काळांत त्यानें गुप्त चौकशीस एक अधिकारी धाडला होता. त्यानें सर्व ठाकठीक असल्याचा रिपोर्ट दिला.

येथें वरच्या त्या सुंदर इमारतीची परीक्षा झाली. यांगच्या बहिणीनें व बायकोनें पेकिंगची वाट धरली. राजधानींत दाद मागण्याचा हक्क चीनमध्यें प्रत्येकास होता. अर्ज घेतला गेला. आणि नियमाप्रमाणें चौकशीसाठीं तो पाठविला कोणाकडे? त्याच गव्हर्नराकडे! खालच्या कोर्टाच्या निकालावरचें अपील त्याच कोर्टाकडे परत, हा प्रकार अर्धवट शिकलेल्या कारकुनासही हंसूं आणील. पण तेथें तीच रीत होती. दुसऱ्यांदा अर्ज झाला. पुन्हां प्रांतांतच सुनावणी. यंत्र बाजूस ठेविलें तेव्हां दोघांनींही जबाब फिरविले. मग बादशाही हुकमानें प्रांताचा शिक्षणाधिकारी हू रुइलान यास नेमलें. तो निबंध तपासणारा विद्वान. त्यानें पुन्हां यंत्र आणविलें आणि पुन्हां कबुली मिळविली. मॅजिस्ट्रेट चुकला म्हणावें तर जिल्हाधिकारी चुकतो, तो चुकला तर प्रांताचा न्यायाधीश, आणि तो चुकला तर गव्हर्नर. सर्वांनीं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेविले होते. एकानें काढला कीं सगळे पडणार. खालच्या निकालास वरच्यानें सही दिली म्हणजे चुकीची जबाबदारी वरच्यावरही येते, हा नियम वास्तविक सावधगिरीसाठीं केलेला; त्याचें फळ हें झालें.

ही सांखळी बाहेरून तुटली. शांघायमध्यें १८७२ सालीं ‘शनबाओ’ नांवाचें चिनी भाषेंतील दैनिक निघालें होतें. त्यानें हा खटला हातीं घेतला. अर्ज छापले, सुनावण्यांच्या हकीकती छापल्या, आणि यंत्र लावून काढलेली कबुली ही कबुलीच नव्हे असें उघड लिहिलें. रयतेनें हाकिमाच्या निकालावर दररोज सकाळीं चहाबरोबर मत द्यावें, ही गोष्ट त्या देशांत तोंवर घडली नव्हती. आम्ही वर्तमानपत्रवाले असल्यामुळें येथें आमची छाती थोडी फुगणें साहजिक आहे. परंतु खरें तें सांगितलें पाहिजे. या पत्राचा मालक अर्नेस्ट मेजर हा इंग्रज होता, आणि छापखाना परकीयांच्या वसाहतींत, म्हणजे चिनी पट्टेवाल्याचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं. ती वसाहत तोफांच्या जोरावर मिळविलेली. स्वदेशीं अधिकाऱ्याच्या जुलमाविरुद्ध बोलण्यास परकीयाच्या आश्रयाची जागा लागावी, यापरती लाजिरवाणी गोष्ट दुसरी कोणती? आणि हा आश्रय कांहीं स्वातंत्र्याच्या प्रेमानें दिलेला नव्हता, याचा पुरावा पाहिजे असेल तर दूर जावयास नको. या खटल्याचा निकाल १८७७ त लागला. पुढच्याच वर्षीं, १८७८ च्या मार्चांत, लॉर्ड लिटन यानें हिंदुस्थानांतील देशी भाषांच्या पत्रांस मुसक्या घालणारा कायदा केला. शांघायमध्यें चिनी गव्हर्नरावर चिनी भाषेंत टीका चालली तर इंग्रजास आनंद. पुण्यांत मराठींत इंग्रज गव्हर्नरावर चालली तर राजद्रोह!

तरीही एकट्या वर्तमानपत्रानें यांग सुटला नसता. झेजियांग प्रांताचे जे पदवीधर पेकिंगमध्यें मोठ्या हुद्द्यांवर होते त्यांस हें प्रकरण आपल्या प्रांताची व आपल्या वर्गाची अब्रू म्हणून झोंबलें. आमच्यासारख्या परीक्षा उतरलेल्या मनुष्यास हाल करून खोटें वदवितात, तर उद्यां आमची मान कोठें सुरक्षित? त्यांनीं मिळून अर्ज केला कीं, खटला राजधानींत आणावा. दंडमंडळाचा एक उपाध्यक्ष व बालबादशहाचा शिक्षक वेंग तोंगहे यानेंही कागदांतील विसंगति दाखविल्या. आणि पडद्यामागून राज्य करणाऱ्या राजमातांस दुसरेंच एक कारण होतें. तायपिंग बंड मोडलें तें बादशाही सैन्यानें नव्हे, तर हूनान प्रांताच्या पुढाऱ्यांनीं उभारलेल्या पलटणींनीं. बंडानंतर त्यांतलेच लोक ठिकठिकाणीं गव्हर्नर होऊन बसले, वसुली त्यांच्या हातीं, फौज त्यांच्या हातीं. यांग चांगजुन हा त्यांपैकींच, सेनापति झुओ झोंगतांग याचा माणूस. केंद्राचा हात अजून लांब आहे हें या मंडळींस दाखविण्याची संधि दरबारास यापेक्षां चांगली कोठें मिळणार होती? न्याय झाला खरा. पण त्यांत न्यायाची भूक कोणास किती होती याचें माप काढणें कठीण आहे.

अखेरीस खटला दंडमंडळाकडे गेला. औषधवाला शेवटच्या चौकशीपर्यंत जिवंत राहिला नाहीं. प्रेताची पेटी यूहांगहून पेकिंगास आणण्यांत आली, आणि १८७७ च्या जानेवारींत शहराबाहेरील एका देवळांत, अधिकारी, बघे व साक्षीदार यांच्या समक्ष उघडण्यांत आली. तीन वर्षांपूर्वींच्या त्या मनुष्याचीं हाडें तपासून अनुभवी परीक्षकानें सांगितलें, विष नाहीं. मनुष्य रोगानें मेला. निकाल फिरला. ल्यू शीथोंग यास हैलुंगजियांगच्या थंड सरहद्दीवर हद्दपार केलें. गव्हर्नर, शिक्षणाधिकारी, जिल्हाधिकारी व खालचे कित्येक नोकरीस मुकले. रयतेंत आनंदीआनंद झाला.

आमच्या वाचकांनीं मात्र निकालपत्राची दुसरी बाजू पहावी. यांग निर्दोष ठरला, पण पदवी परत मिळाली नाहीं. परस्त्रीशीं संशय येण्याजोगें वागला हा ठपका राहिला. त्यानें घरीं जाऊन रेशमाचे किडे पाळण्याचा धंदा केला व त्यांत नांव मिळविलें. गव्हर्नर यांग चांगजुन यास त्याच्या आश्रयदात्यानें लवकरच पुन्हां बोलावून घेतलें, आणि कांहीं वर्षांनीं तो एकदां नव्हे तर दोनदां, निरनिराळ्या भागांचा, व्हाइसरॉयच्या तोलाचा अधिकारी झाला. आणि बोटें चेपण्याचें यंत्र? त्यास कोणीच दोष दिला नाहीं. तें जागच्या जागीं राहिलें. माणसें वाईट निघालीं म्हणून बदललीं. रीत वाईट आहे असें निकालपत्रांत एक अक्षर नाहीं.

रीत वाईट आहे असें म्हणणारे त्या देशांत झालेच नव्हते असें नाहीं. हुआंग झोंगशी (१६१०–१६९५) यानें दोनशें वर्षांपूर्वींच लिहून ठेविलें होतें कीं, राजांनीं देश ही आपली खासगी मिळकत केली आहे, त्यांचे कायदे हे त्या मिळकतीच्या कुलुपाचे कायदे आहेत, सर्व लोकांचे नव्हेत. आणि बरेंवाईट काय याची चर्चा राजवाड्यांत न होतां विद्यालयांत झाली पाहिजे. लॉकची पुस्तकें निघण्यापूर्वींचें हें लिहिणें आहे. पाश्चात्य विद्येवांचून पूर्वेस स्वातंत्र्याचा विचार सुचलाच नसता, असें म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनीं तें अवश्य ध्यानांत घ्यावें. पण तें पुस्तक दडून राहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ल्यांग छीचाओ व त्याचे तरुण सोबती यांनीं तें गुप्तपणें छापून वाटलें.

आणि सुधारणा आली ती कशी? शेन जियाबेन (१८४०–१९१३) हा गृहस्थ तरुणपणापासून दंडमंडळांत कारकुनी करीत होता. वरील खटला ज्या कचेरींत उलगडला त्याच कचेरींतला. १९०२ पासून त्याच्याकडे व वू तिंगफांग याच्याकडे कायदे सुधारण्याचें काम आलें. वू हा लंडनच्या लिंकन्स इनचा बॅरिस्टर, व चिनी वंशाचा पहिलाच. १९०५ सालीं तुकडे करण्याची शिक्षा रद्द झाली, कबुलीसाठीं यंत्र लावण्यास आळा घातला गेला. त्याच सालीं परीक्षाही बंद झाल्या. १९०६ त या दोघांनीं खटल्यांच्या कामकाजाचा मसुदा तयार केला. त्यांत पक्षकारास वकील व आरोपीस ज्यूरी अशीं दोन कलमें होतीं. प्रांतोप्रांतींच्या अधिकाऱ्यांनीं गिल्ला केला. झांग झिदोंग हा मोठा विद्वान, सुधारकांत गणला जाणारा, रेल्वे व कारखाने काढणारा गव्हर्नर-जनरल. परंतु बापापुढें लेंकराचा वकील उभा राहणें यास तोही राजी झाला नाहीं. यंत्रें परदेशांतून आणण्यास ज्यांची ना नाहीं, अशा सुधारकांची धांव किती असते तें येथें दिसतें. मसुदा गुंडाळला गेला. वकिलांचे पहिले नियम निघाले ते बादशाही बुडाल्यावर, १९१२ च्या सप्टेंबरांत, प्रजासत्ताकाच्या हुकमानें.

यांग नायवू १९१४ पर्यंत जगला. म्हणजे हे नियम त्याच्या हयातींतच झाले. बी श्यूगूसाठीं मात्र या सर्व चार वर्षांत कोणी अर्ज केला नव्हता. तिला बहीण नव्हती, पदवी नव्हती, तिच्या प्रांताच्या अब्रूशीं तिचा संबंध नव्हता. ती सुटली ती यांगच्या कागदाबरोबर सुटली, आणि घराबाहेरच्या पुरुषाशीं बोलली व त्याच्याजवळ शिकली याबद्दल निकालपत्रानें तिला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली. ती यूहांगास परतली, वेशीजवळच्या एका छोट्या मठांत केस उतरवून भिक्षुणी झाली, आणि १९३० सालीं तेथेंच वारली.